टाईप १ मधुमेहात नव्या बीटा पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘टाईप १ वर कायमचा इलाज सापडला’ ही बातमी दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरते. कधी ती चीनची असते, कधी अमेरिकेची, कधी स्वीडनची. बहुतेक वेळा बातमीच्या मुळाशी खरं संशोधन असतं, पण फॉरवर्ड होता होता त्यातल्या अटी गळून पडतात. पालकांच्या भेटीगाठींत आणि ओपीडीबाहेरच्या बाकड्यांवर जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे आहेत.

टाईप १ मध्ये नेमकं काय बिघडतं?

पोटात, जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्याचा बहुतेक भाग पाचकरस तयार करतो. मधूनमधून पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये त्यांचं पहिल्यांदा वर्णन केलं, त्यामुळे त्यांना लँगरहान्सची बेटं किंवा आयलेट्स म्हणतात. साऱ्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटं असतात आणि वजनाने ती सगळी मिळून एक-दोन टक्केच भरतात. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी या बेटांमध्ये असतात.

टाईप १ मध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती या बीटा पेशींना परकं समजून मारते. बाकीचं स्वादुपिंड बऱ्यापैकी शाबूत राहतं. म्हणजे कमतरता एकाच जातीच्या पेशींची आहे. त्या पेशी बाहेरून आणून बसवता येतील का, हा विचार म्हणूनच डॉक्टरांच्या डोक्यातून कधी गेला नाही.

ही कल्पना नवी आहे का?

इन्सुलिनपेक्षाही जुनी आहे. टोरंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन सापडलं १९२१ मध्ये. त्याच्या जवळपास तीन दशकं आधी, १८९३ च्या डिसेंबरात, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला वॉटसन-विल्यम्स या डॉक्टरांनी मधुमेहाने मरणपंथाला लागलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे ठेवून पाहिले. मुलगा तीन दिवसांत गेला. अवयव नाकारला जातो म्हणजे काय होतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

सरळ पूर्ण स्वादुपिंडच का बदलत नाहीत?

बदलतात. पहिलं स्वादुपिंड प्रत्यारोपण १९६६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झालं. आज ते बहुतेक वेळा किडनीसोबत केलं जातं: मधुमेहाने किडनी निकामी झालेली असते, ती बदलायचीच असते, मग त्याच दात्याचं स्वादुपिंडही बसवतात. मुंबई-पुण्यातही अशा शस्त्रक्रिया झाल्या आहेत. ते नीट लागलं तर साखर अगदी नॉर्मल राहते आणि इन्सुलिन सुटतं.

पण ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. रक्ताची गुठळी, गळती, संसर्ग असे धोके तिच्यासोबत येतात. शिवाय आपल्याला हवी असतात ती एक-दोन टक्के बेटं आणि बसवावं लागतं अख्खं स्वादुपिंड, पाचकरसांसकट. म्हणून फक्त बेटं काढून बसवण्याची वाट शोधली गेली.

आयलेट प्रत्यारोपण कसं करतात?

मेंदूमृत दात्याचं स्वादुपिंड प्रयोगशाळेत आणतात. त्याच्या नलिकेतून कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम सोडतात, म्हणजे बेटांना धरून ठेवणारं तंतुमय जाळं विरघळू लागतं. मग ते स्वादुपिंड एका धातूच्या भांड्यात, आतल्या गोळ्यांसकट हलवत ठेवतात. ही पद्धत कॅमिलो रिकॉर्डी यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी बसवली आणि ते भांडं आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. सुट्या झालेल्या बेटांना घनतेच्या फरकाने बाकीच्या गाळापासून वेगळं करतात. शेवटी हाती येतात ते काही मिलिलीटर.

रुग्णाच्या बाजूने बघितलं तर हे फार सोपं दिसतं. सोनोग्राफी आणि एक्स-रे बघत, बरगड्यांखालून यकृतात एक बारीक नळी घालतात आणि यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत बेटांचं द्रावण थेंबथेंब सोडतात. पोट उघडावं लागत नाही. बेटं रक्ताबरोबर जाऊन यकृताच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि तिथेच संसार थाटतात.

स्वादुपिंडाच्या पेशी यकृतात? तिथे का?

पोचायला सोपं म्हणून. शिवाय निरोगी माणसातही स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतातच जातं. पण जागा आदर्श अजिबात नाही. रक्तात शिरताक्षणी शरीर या पेशींवर तुटून पडतं, गुठळ्या होतात, सूज येते आणि बेटांचा मोठा हिस्सा पहिल्या काही दिवसांतच मरतो. त्यामुळेच एका रुग्णाला पुष्कळदा दोन किंवा जास्त दात्यांची बेटं लागतात. पोटाचा स्नायू, हाताचा स्नायू, आतड्यांवरची चरबीची चादर अशा दुसऱ्या जागा शोधण्याची धडपड चालू आहे ती याच कारणाने.

एडमंटन, एडमंटन असं जे वाचायला मिळतं ते काय?

कॅनडातलं एक शहर. ते का गाजलं हे कळायला थोडं मागे जावं लागेल. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसला बॅलिंजर आणि लेसी यांनी मधुमेही उंदरांना बेटं बसवून त्यांची साखर सुधारली होती. उंदरांत जमलं, माणसांत मात्र पुढची पंचवीस-तीस वर्षं निराशाच पदरी पडली. एक कारण असं की तेव्हा अवयव नाकारला जाऊ नये म्हणून स्टेरॉइड्स देत, आणि स्टेरॉइड्स स्वतःच साखर वाढवतात व बीटा पेशींना त्रास देतात.

एडमंटनच्या जेम्स शपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टेरॉइड पूर्ण वगळलं, दुसरी औषधं जोडली आणि प्रत्येक रुग्णाला एकाहून जास्त दात्यांची ताजी बेटं दिली. २००० साली त्यांनी सात रुग्णांचे निकाल छापले: सातही जणांचं इन्सुलिन सुटलं होतं. जगभर खळबळ उडाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या टाईप १ वाल्यांना विचारा, ‘पाच वर्षांत बरं होईल’ हे वाक्य त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलेलं असतं.

मग पुढे काय झालं? परिणाम किती टिकतो?

इथे आकडे नीट वाचावे लागतात. एडमंटनच्याच चमूने वीस वर्षांतल्या २५५ रुग्णांचा हिशेब २०२२ मध्ये मांडला. एका वर्षाने सुमारे ६१ टक्के लोक इन्सुलिनशिवाय होते, पाच वर्षांनी ३२ टक्के, दहा वर्षांनी २० टक्के.

इन्सुलिन सुटतं, पण पुष्कळांना ते पुन्हा हळूहळू घ्यावं लागतं. म्हणजे प्रत्यारोपण वाया गेलं का? माझ्या मते नाही, आणि हाच मुद्दा बातम्यांत हरवतो. थोड्या बीटा पेशी जरी जिवंत राहिल्या तरी साखर एकदम कोसळणं थांबतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत (निकाल २०१६ मध्ये आले) ४८ रुग्ण होते. सगळ्यांना साखर उतरल्याचं कळतच नसे आणि बेशुद्ध पडण्यापर्यंत वेळ यायची. वर्षभरानंतर ८७.५ टक्के रुग्णांचं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ७ च्या खाली होतं आणि त्यांना एकही गंभीर हायपो, म्हणजे साखर धोकादायक उतरण्याचा प्रसंग, आलेला नव्हता. पूर्णपणे इन्सुलिनमुक्त होते ते मात्र निम्म्याच्या किंचित वर. रात्री तीन वाजता नवरा किंवा आई ग्लुकोज तोंडात कोंबत असते अशा घराला यातला पहिला आकडा जास्त मोलाचा वाटतो.

सी-पेप्टाइड तपासणी कशासाठी करतात?

बीटा पेशी इन्सुलिन बनवते तेव्हा त्याच्या जोडीने तितकंच सी-पेप्टाइड बाहेर पडतं. इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. त्यामुळे रक्तात सी-पेप्टाइड दिसलं तर शरीर स्वतः इन्सुलिन बनवतंय एवढं नक्की. प्रत्यारोपणाच्या कुठल्याही बातमीत ‘इन्सुलिन सुटलं’च्या आधी हा आकडा शोधा.

हा उपचार आज कुठे रीतसर मिळतो?

कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स अशा देशांत निवडक रुग्णांना सरकारी आरोग्यव्यवस्थेतून मिळतो. अमेरिकेत गंमत झाली. इतर देशांनी बेटांना अवयव किंवा ऊती मानलं, अमेरिकेने औषध मानलं. त्यामुळे किडनी बदलायला जी परवानगी लागत नाही ती बेटांना लागली आणि वर्षानुवर्षं गाडं अडलं. शेवटी जून २०२३ मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ‘लँटिड्रा’ या नावाने दात्याच्या बेटांना मान्यता दिली. मान्यतेमागे ३० रुग्णांचे निकाल होते. २१ जणांना वर्ष किंवा त्याहून जास्त काळ इन्सुलिन लागलं नाही, त्यातल्या १० जणांना पाच वर्षांहून जास्त. पाच जणांचं इन्सुलिन एक दिवसही सुटलं नाही.

मान्यता आहे ती फक्त प्रौढांसाठी, आणि त्यातही वारंवार गंभीर हायपो होत असल्यामुळे ज्यांना साखर आटोक्यात आणता येत नाही अशांसाठी. तुमचे कुणी नातेवाईक टोरंटो किंवा लंडनला स्थायिक असतील आणि त्यांना साखर उतरल्याचं कळत नसेल, तर तिथल्या मधुमेहतज्ज्ञांकडे त्यांनी हा विषय जरूर काढावा. इथून उपचारापुरतं तिकडे जाण्याचा मार्ग मात्र व्यवहारात जवळपास बंद आहे. दात्यांचे अवयव तिथल्या रहिवाशांनाच पुरत नाहीत.

दाते कमी पडतात, तर पेशी कारखान्यात का बनवत नाहीत?

तेच चाललंय आणि खरी हालचाल आज इथे आहे. मूलपेशी म्हणजे स्टेम सेल. तिचा एक प्रकार असा असतो की ती जवळपास कुठल्याही प्रकारच्या पेशीत रूपांतरित होऊ शकते. तिला योग्य क्रमाने योग्य रसायनं देत गेलं की चार-पाच आठवड्यांत, टप्प्याटप्प्याने, इन्सुलिन बनवणारी पेशी तयार होते. ऐकायला सोपं, पण हा क्रम सापडायला डग्लस मेल्टन यांना पंधराच्या आसपास वर्षं लागली. हार्वर्डचे हे जीवशास्त्रज्ञ आधी बेडकांच्या भ्रूणावर काम करत. त्यांच्या तान्ह्या मुलाला टाईप १ झाला, पुढे मुलीलाही झाला, आणि त्यांनी सगळी प्रयोगशाळा या प्रश्नाकडे वळवली. २०१४ मध्ये त्यांच्या चमूने ग्लुकोज वाढल्यावर इन्सुलिन सोडणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणावर बनवून दाखवल्या.

त्यांनी काढलेली कंपनी २०१९ मध्ये व्हर्टेक्स या औषधकंपनीने घेतली. आज ज्याची सर्वाधिक चर्चा आहे ते ‘झिमिस्लेसेल’, म्हणजे जुनं व्हीएक्स-८८०, याच कामातून आलं आहे. जून २०२५ मध्ये छापून आलेले निकाल असे: पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षअखेर इन्सुलिनशिवाय होते. बाराही जणांचं एचबीएवनसी ७ च्या खाली आलं आणि गंभीर हायपो थांबले. दात्याची वाट न पाहता, कारखान्यात बनवलेल्या पेशींनी हे झालं. मला हा निकाल २००० सालच्या एडमंटनइतकाच मोठा वाटतो.

त्या चाचणीत दोन जण दगावले, हे खरं का?

खरं आहे. एकाचा मृत्यू क्रिप्टोकोकल मेनिंजायटिसने झाला. हा मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य संसर्ग आहे आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांना तो गाठतो. दुसऱ्याला आधीपासून असलेला मेंदूचा विकार वाढत गेला आणि त्यातून मृत्यू ओढवला. दोन्ही मृत्यूंत बसवलेल्या पेशींचा थेट दोष दिसला नाही. पण पहिला मृत्यू आपल्याला पुढच्या प्रश्नाशी आणून सोडतो, आणि या साऱ्या विषयाची गाठ तिथेच आहे.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किती दिवस घ्यावी लागतात?

पेशी जिवंत राहाव्यात असं वाटतं तितके दिवस, म्हणजे आयुष्यभर. टॅक्रोलिमस, सिरोलिमस, मायकोफिनोलेट ही नावं ज्यांच्या घरात कुणाची किडनी बदलली आहे त्यांना पाठ असतात. टॅक्रोलिमस किडनीला त्रास देतं, आणि विचित्र गोष्ट अशी की बीटा पेशींनाही. सिरोलिमसने तोंडात फोड येतात. संसर्ग वाढतात, काही कर्करोगांचा धोका वाढतो, त्वचेचा विशेषतः. आपल्याकडे यात क्षयरोगाची भर घाला. अनेकांच्या शरीरात टीबीचे जंतू निद्रिस्त असतात आणि प्रतिकारशक्ती दबली की जागे होतात. युरोपातल्या कागदावरची जोखीम आपल्या चाळीत, लोकलमध्ये आणि पावसाळ्यात तशीच राहील असं धरून चालू नये.

थोडक्यात सौदा असा: इन्सुलिन सोडायचं आणि त्याच्या बदल्यात ही औषधं घ्यायची. ज्याला आठवड्याला बेशुद्ध पडण्याची भीती आहे त्याला हा सौदा परवडू शकतो. ज्याची किडनी बदललीच आहे, तो ही औषधं घेतोच आहे, त्याला तर नक्कीच. सतत साखर मोजणारा सेन्सर लावून ठीकठाक चाललेल्या बारा वर्षांच्या मुलीला नाही. आजचे नियम असेच आहेत आणि ते मला पटतात.

माझ्याच शरीरातल्या पेशींपासून बनवलं, तर औषधं लागणार नाहीत ना?

दुर्दैवाने इतकं सरळ नाही. टाईप १ मध्ये शरीर स्वतःच्याच बीटा पेशी मारतं. मग स्वतःच्या पेशींपासून बनवलेल्या नव्या बीटा पेशी ते का सोडेल?

याचा पुरावा फार जुना आणि फार स्पष्ट आहे. १९८० च्या दशकात मिनेसोटात डेव्हिड सदरलँड यांनी जुळ्या भावंडांवर शस्त्रक्रिया केल्या: एकाला टाईप १, दुसऱ्याला नाही, आणि दोघं एकाच बीजापासून झालेले, म्हणजे शरीरांना एकमेकांच्या अवयवात परकं काहीच नाही. निरोगी भावंडाच्या स्वादुपिंडाचा तुकडा मधुमेही भावंडाला बसवला. नाकारला जाण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून औषधं दिली नाहीत. काही आठवड्यांतच साखर पुन्हा चढली. तुकडा काढून पाहिला तर बाकीची ऊती ठणठणीत आणि बीटा पेशी तेवढ्या वेचून मारलेल्या. मूळ आजाराने नव्या पेशींना बरोबर शोधून काढलं होतं. घरफोडी झालेल्या घरात नवे दागिने आणावेत आणि चोर अजून गल्लीतच असावा, तशी ही गत.

मग चीनच्या त्या मुलीचं काय? तिला तर स्वतःच्याच पेशी दिल्या होत्या.

तिआनजिनमधली पंचवीस वर्षांची तरुणी. डेंग होंगक्वी यांच्या चमूने तिच्या चरबीतल्या पेशींना रसायनांच्या साहाय्याने मूलपेशी बनवलं, त्यांपासून बेटं बनवली आणि पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली टोचली. साधारण अडीच महिन्यांनी तिचं इन्सुलिन सुटलं आणि वर्षभरानंतरही सुटलेलंच होतं. २०२४ च्या सप्टेंबरात हे प्रसिद्ध झालं. काम खरं आहे आणि उत्तम आहे.

फॉरवर्डमधून गळलेली ओळ ही: तिचं यकृत आधीच बदललेलं होतं आणि त्यासाठी ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतच होती. त्यामुळे स्वतःच्या पेशी औषधांविना टिकल्या असत्या का, हे तिच्या उदाहरणावरून सांगता येत नाही. पोटाचा स्नायू ही जागा मात्र आश्वासक ठरली. तिथे एमआरआयने पाहता येतं आणि गरज पडली तर काढूनही टाकता येतं. यकृतात विखुरलेल्या पेशींचं तसं करता येत नाही.

औषधांविना पेशी टिकवण्याचा काहीच मार्ग नाही?

तीन दिशांनी प्रयत्न आहेत.

पहिली, पेशी पिशवीत ठेवणं. छिद्रं इतकी बारीक की साखर आणि इन्सुलिन ये-जा करतील, पण हल्लेखोर पेशी आत शिरणार नाहीत. शैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या थेंबांत बेटं बंद करून लिम आणि सन यांनी १९८० मध्येच उंदरांत हे करून दाखवलं होतं. माणसांत घोडं अडतं ते दुसरीकडेच: शरीर पिशवीभोवती जाड व्रणाची भिंत उभी करतं आणि आतल्या पेशी प्राणवायूविना गुदमरतात. व्हर्टेक्सने अशाच उपकरणाची चाचणी मार्च २०२५ मध्ये थांबवली, कारण सी-पेप्टाइड पुरेसं वाढलं नाही. ही कल्पना मोहक आहे, पण पंचेचाळीस वर्षं झाली आणि मला तिच्यावर पैज लावावीशी वाटत नाही.

दुसरी, पेशीच बदलणं. स्वीडनमधल्या उप्सालाच्या रुग्णालयात डिसेंबर २०२४ मध्ये एका टाईप १ रुग्णाच्या हाताच्या स्नायूत दात्याची बेटं टोचली. त्याआधी त्या पेशींची जनुकं अशी संपादित केली होती की परकेपणाची खूण सांगणारी प्रथिनं त्यांच्या पृष्ठभागावर येऊच नयेत, आणि ‘मला खाऊ नका’ असा निरोप देणारं सीडी४७ हे प्रथिन भरपूर यावं. प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध दिलं नाही. बारा आठवड्यांनी पेशी जिवंत होत्या आणि सी-पेप्टाइड बनवत होत्या. ज्या पेशींत संपादन अर्धवट झालं होतं त्या मात्र शरीराने मारल्या. एकाच हातात प्रयोग आणि त्याची पडताळणी दोन्ही झालं! मात्रा मुद्दाम अगदी थोडी ठेवली होती, म्हणून रुग्णाचं इन्सुलिन चालूच राहिलं. ‘स्वीडनमध्ये इन्सुलिन बंद’ असं वाचलं असेल तर ते चूक. आणि ज्या पेशी प्रतिकारशक्तीला दिसतच नाहीत, त्यांतली एखादी पुढे बिघडून वाढू लागली तर तिला कोण पकडणार, हा प्रश्न शास्त्रज्ञच विचारत आहेत.

तिसरी दिशा कमी चमकदार, पण कदाचित सर्वांत लवकर हाती येणारी: सौम्य औषधं. टेगोप्रुबार्ट हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) टॅक्रोलिमसच्या जागी वापरून शिकागोत आयलेट प्रत्यारोपणं चालू आहेत. किडनी आणि बीटा पेशी या दोन्हींची हानी टळावी हा हेतू.

डुकराच्या पेशी चालतील?

डुकराचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळं असतं आणि कित्येक दशकं मधुमेही लोकांनी तेच टोचून घेतलं. पेशींवर न्यूझीलंडसह काही देशांत चाचण्या झाल्या, फार पुढे गेल्या नाहीत.

माझ्या मुलाचं वय नऊ. त्याला हे कधी मिळेल?

आज जगात कुठेही लहान मुलांना हा उपचार रीतसर दिला जात नाही. झिमिस्लेसेलची चाचणीही प्रौढांवर आहे. वर्षाचा आकडा मी देणार नाही. दिलेले सगळे आकडे आजवर चुकले आहेत. पेशी बनवण्याचा प्रश्न बराचसा सुटला, त्या औषधांविना राखण्याचा नाही, आणि मुलांची पाळी तो सुटल्यावरच येईल.

भारतात आयलेट प्रत्यारोपण होतं का?

टाईप १ साठी नेहमीचा उपचार म्हणून नाही. जवळचा एक प्रकार मात्र होतो. जुनाट स्वादुपिंडदाहाने असह्य पोटदुखी असलेल्या रुग्णाचं स्वादुपिंड काढून टाकतात आणि त्यातली त्याचीच बेटं त्याच्या यकृतात सोडतात. मिनेसोटात हे १९७७ पासून चालू आहे, आपल्याकडे हैदराबादेत झालं आहे. तिथे स्वप्रतिकाराचा आजारच नसल्याने औषधं लागत नाहीत. एखाद्याने ‘भारतात होतं, माझ्या ओळखीत झालंय’ म्हटलं तर तो बहुधा याबद्दल बोलत असतो.

एका क्लिनिकने स्टेम सेलच्या तीन बैठकांत टाईप १ बरा करू म्हटलंय. पैसे भरू का?

नका भरू.

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार वगळता मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. बाहेर केला तर ते अनैतिक, गैरव्यवहार. टाईप १ त्या वगळलेल्या यादीत नाही. अशा ठिकाणी बहुतेक वेळा नाळेच्या किंवा चरबीच्या ऊतीतल्या मेसेन्कायमल पेशी सलाइनमधून देतात. त्या बीटा पेशी नव्हेत आणि शिरेतून गेल्याने बीटा पेशी बनतही नाहीत. वर सांगितलेल्या कुठल्याही निकालाशी त्यांचा संबंध नाही, पण भिंतीवरच्या पोस्टरवर हार्वर्डचं नाव खुशाल असतं.

तीन गोष्टी विचारा. सीटीआरआय, म्हणजे भारताच्या चाचणी नोंदवहीत क्रमांक काय? नोंदवही ऑनलाइन आहे, कुणीही पाहू शकतं. नैतिकता समितीची परवानगी कुठे आहे? आणि पैसे कशाचे? खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा चिडला तर उठून या.

आणि काहीही झालं तरी कुणाच्याही सांगण्यावरून इन्सुलिन बंद करू नका. टाईप १ मध्ये इन्सुलिन थांबलं की दिवस-दोन दिवसांत कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्लं साचणं) होऊन जीव जाऊ शकतो. हे स्टेम सेलवाल्यांना जितकं लागू, तितकंच काढेवाल्यांना.

बाळाचं नाळेतलं रक्त साठवून ठेवलंय. त्याचा उपयोग होईल?

टाईप १ साठी आज काहीच नाही. आणि मूल स्वतःच रुग्ण असेल तर जुळ्यांची गोष्ट पुन्हा वाचा. नाळरक्त साठवणाऱ्या बँकेचा एजंट काहीही म्हणो.

ब्राझीलमध्ये स्टेम सेलने इन्सुलिन सुटलं होतं ना?

तो वेगळा उपचार. २००७ मध्ये साओ पाउलो राज्यातल्या डॉक्टरांनी नुकताच टाईप १ झालेल्या १५ जणांची प्रतिकारशक्ती जोरदार औषधांनी जवळजवळ पुसून टाकली आणि त्यांच्याच रक्तपेशींच्या मूलपेशींनी ती नव्याने उभी केली. बीटा पेशी बदलल्या नव्हत्या, उरलेल्या वाचवल्या होत्या. बहुतेकांचं इन्सुलिन काही काळ सुटलं, पण उपचार कर्करोगाच्या केमोथेरपीइतका जड.

धाकट्या भावंडाला होऊ नये म्हणून काही आहे?

टेप्लिझुमॅब नावाचं औषध. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्तात बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडं सापडली आहेत, साखर जरा बिघडायला लागली आहे, पण आजार उघड झालेला नाही, अशा आठ वर्षांवरच्यांसाठी. ते आजार थांबवत नाही, लांबवतं, चाचणीत साधारण दोन वर्षांनी. कल्पना करा, आजार सहावीऐवजी आठवीत उघड झाला, तर घरच्यांच्या लेखी तो किती मोठा फरक आहे.

मला मूल हवंय. प्रत्यारोपणाचा विचार करू?

मायकोफिनोलेटने गर्भात व्यंग येऊ शकतं. हा विषय डॉक्टरांशी सर्वांत आधी काढा, शेवटी नाही.

आजोबांना टाईप २ आहे. त्यांना चालेल?

शांघायमध्ये टाईप २ असलेल्या एका रुग्णाला त्याच्याच पेशींपासून बनवलेली बेटं दिली गेली आणि इन्सुलिन सुटलं. त्याचीही किडनी आधी बदललेली होती. सर्वसाधारण टाईप २ साठी मात्र इतक्या खटाटोपाची गरज नसते.

तोवर आम्ही काय करायचं?

उद्या एखादी चाचणी खुली झाली तर आत कोणाला घेतात, यावरून ठरवा. किडनी चांगली असावी लागते, म्हणून वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तपासा. डोळ्यांचे पडदे तपासा. गंभीर हायपोची तारीख, वेळ आणि मदत कुणी केली हे वहीत लिहून ठेवा. पात्रतेच्या अर्जात हेच विचारतात आणि आठवणीवर कुणी विश्वास ठेवत नाही. साखर उतरल्याची घाम-थरथर जाणवायची बंद झाली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, काही आठवडे हायपो कटाक्षाने टाळले तर ती जाणीव पुष्कळांत परत येते. सेन्सर परवडत असेल तर आधी त्यावर खर्च करा. महिनाभर सलग नाही जमलं, तर निदान आजारपणात आणि परीक्षेच्या दिवसांत तरी लावा.